झुळूक जाते तेव्हा

गुरुवारी दुपारी तीन वाजता पश्चातरावांनी हात वर केला. तो केला नसता, तर एक धडधाकट गायिका शुक्रवारी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मेलेली राहिली नसती.

पश्चातराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. असलं नाव कोणतेही आईबाप ठेवणार नाहीत. ते ऑफिसात पडलं. ऑफिस वर्तमानपत्राचं, आणि पश्चातरावांकडे बावीस वर्षं पाचव्या पानावरच्या निधनवार्ता. रोज सात-आठ माणसं त्यांच्या हातून शेवटची छापली जायची आणि प्रत्येकाची अखेर एकाच वाक्याने व्हायची : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे.’ पण माणूस कामाला पक्का. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द सापडल्याशिवाय ते जागचे उठत नसत. जन्मभर शेजाऱ्यांशी भांडलेला त्यांच्याकडे ‘स्पष्टवक्ता’ व्हायचा, कवडीचुंबक असेल त्याची ‘राहणी साधी’ असायची, आणि ज्याने आयुष्यात काडीचंही काम केलं नाही तो ‘प्रसिद्धीपासून सदैव दूर’ राहिलेला असायचा. या पानाबद्दल बावीस वर्षांत एकही तक्रार आली नव्हती. (ज्यांनी करायची ते करण्याच्या स्थितीत नसत, ही गोष्ट वेगळी.)

तर त्या गुरुवारी मीटिंगमध्ये संपादक म्हणाले, “झुळूकचा नवा अल्बम सकाळी आलाय. उद्याच्या अंकात परीक्षण पाहिजे. आणि आपले संगीत समीक्षक सर्दीने दोन्ही कान बंद होऊन घरी बसलेत. काहीच ऐकू येत नाही म्हणतात.”

“मग लिहू दे की,” क्रीडा पान बघणारा म्हणाला. “आजवर ऐकून लिहायचे असं कुठे वाटलं?”

संपादकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागला, जे पडलेलंच नव्हतं.

झुळूक हे त्या गायिकेला चाहत्यांनी दिलेलं नाव. वय सव्वीस, आवाज हलका, गाणी धावती. निम्मं गाव तिच्यावर जीव टाकायचं आणि उरलेलं निम्मं गाव तिचं गाणं संपेपर्यंत ते सुरू कधी होणार याची वाट बघायचं. तिच्या नव्या अल्बमचं नाव होतं ‘जाते’. त्यावरूनही आठ दिवस रण माजलं होतं. घरातून निघताना बाईमाणसाने ‘येते’ म्हणावं, ‘जाते’ काय म्हणायचं, हा वडीलधाऱ्यांचा मुद्दा. आणि जायचं असेल तर जाते नाही तर काय म्हणायचं, हा पोरींचा.

“कोण लिहितंय?” संपादकांनी विचारलं. हवामानवाल्या बाईंनी खिडकीबाहेर हवामान बघायला घेतलं. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

“मी लिहितो,” पश्चातराव म्हणाले.

चपलांकडे वळलेल्या माना एकदम वर आल्या.

“तुम्ही?”

“हो.”

“पश्चातराव,” संपादक अगदी हळुवारपणे म्हणाले, “ती जिवंत आहे.”

“माहीत आहे मला.”

आता हात वर करण्याचं खरं कारण. ते ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं. पश्चातरावांची सोळा वर्षांची मुलगी आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

घडलं होतं ते असं. अल्बममधलं पहिलं गाणं आधीच्या बुधवारी बाहेर आलं. मुलीने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाईल उभा करून लावलं, आईबाबांना समोर बसवलं आणि स्वतः श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. झुळूकने वरचा एक लांबलचक सूर लावला. आणि पश्चातराव बायकोला म्हणाले, “अगं, किटलीची शिट्टी झाली. गॅस बंद कर.”

मुलीने मोबाईल उचलला. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला ना, फक्त मेलेली माणसं कळतात.”

तेव्हापासून सगळा व्यवहार आईच्या मार्फत. “आई, त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा.” “आई, त्यांना विचार, बाथरूममध्ये अजून किती वेळ?” मीठ पश्चातरावांच्या हाताशी आणि मुलगी त्यांच्या समोर, पण निरोप टेबलाला वळसा घालून यायचा. बायकोही वैतागली होती. “अहो, माफी मागून टाका एकदाची. मला दिवसभर तुमचं टपाल वाहून नेणं जमणार नाही.”

माफी त्यांनी मागितली होती. “आई, त्यांना सांग, ठीक आहे,” असं उत्तर आलं होतं. रागावलेली मुलगी त्यांना चालली असती. बाप आता सुधारण्यापलीकडे गेला असं शांतपणे ठरवून टाकलेली मुलगी त्यांना सहन होईना. त्यामुळे हात वर गेला.

समीक्षकांच्या खुर्चीत बसून, समीक्षकांचे हेडफोन लावून त्यांनी अल्बम ऐकायला घेतला. बारा गाणी. पहिलं तर ओळखीचंच होतं (किटली). दुसऱ्यात त्यांना वाटलं मशीन अडकलंय. तिसऱ्यात खरंच अडकलं होतं, पण तो सूरच असेल अशा समजुतीने त्यांनी पाच मिनिटं मान डोलावली. हवामानवाल्या बाईंनी येऊन वायर नीट खोचून दिली.

मग चौथं गाणं लागलं.

त्यात एक मुलगी संध्याकाळच्या बसने क्लासहून घरी येते. थांब्यावर रोज तिचा बाप उभा. काखेत ब्रेडची पुडी. काय हो इथे, असं तिने विचारलं की म्हणायचा, ब्रेड घ्यायला आलो होतो. घरात ब्रेडच्या पुड्यांचा ढीग झालाय, आई ओरडतेय, पण हा रोज ब्रेड घ्यायला हजर. बास, एवढंच गाणं. त्यात ना कोणी मरत होतं, ना कोणी रडत होतं.

पश्चातरावांनी चष्मा काढून पुसला. ते गाणं पुन्हा लावलं आणि चष्मा पुन्हा पुसला. दोन वर्षांपूर्वी मुलीचा क्लास सातला सुटायचा तेव्हा तेही असेच थांब्यावर उभे राहायचे. आणि एक दिवस “बाबा, नका ना येऊ, मैत्रिणी हसतात,” असं ती म्हणाली तेव्हापासून ते जायचे बंद झाले होते. ब्रेडचं निमित्त मात्र अगदी हेच असायचं. या पोरीला ते कळलं कसं?

भरल्या गळ्याने त्यांनी लिहायला घेतलं आणि इथेच घात झाला. डोकं जागेवर असतं तर त्यांनी ‘ताल’, ‘लय’, ‘प्रयोगशीलता’ असे शब्द आणले असते. पण गळा भरून आला की त्यांच्या बोटांना गेली बावीस वर्षं एकच वाट ठाऊक होती. बोटं निघाली ती थेट तिकडेच. त्यांनी लिहिलं :

‘झुळूक या लाडक्या नावाने घरोघरी परिचित असलेल्या गायिकेचा ‘जाते’ गुरुवारी सकाळी सर्वांच्या मनाला चटका लावून गेला. अवघ्या सव्वीस वर्षांच्या या गुणी कलावतीच्या बाबतीत इतक्या लवकर हे घडेल यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. गेले काही महिने ती कुठेही दिसत नव्हती. त्याचं कारण आता सर्वांना कळलं आहे. तिचा आवाज मनमिळाऊ होता. यापुढे थांब्यावर ब्रेड घेऊन उभा असलेला बाप दिसला की तिची आठवण आल्यावाचून राहणार नाही. तिने कानांना लावलेली सवय पाहता, अल्बम संपल्यावर जाणवणारी पोकळी भरून येणं कठीण आहे. गाताना तिच्या पश्चात दोन गिटार, एक ड्रम आणि सहा जणींचा कोरस असा परिवार आहे.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. छान वाटलं त्यांना. विशेषतः शेवटच्या वाक्यावर ते खूश होते. साथीदार गायिकेच्या मागेच उभे राहतात, तेव्हा ‘पश्चात’ शब्द अगदी चपखल बसत होता. वर मथळा दिला : झुळूक ‘जाते’ तेव्हा. मग रोजच्या सवयीने मजकूर रोजच्या फोल्डरमध्ये टाकला आणि ते घरी गेले.

आता त्या फोल्डरचं असं होतं की त्यातून जे काही येईल त्याला पानं लावणाऱ्या बाई काळी चौकट घालायच्या. बाईंनी मजकूर वाचला. “अरेरे, इतकी तरुण,” असं म्हणून डोळे टिपले. मथळा दोन कॉलमात मावेना, म्हणून ‘जाते’भोवतीची चिन्हं तेवढी काढून टाकली. झुळूकचा हसरा फोटो शोधला, तो कृष्णधवल करून लंबगोलात बसवला, आणि पाचव्या पानावर एक निवृत्त मुख्याध्यापक व एक बटणांचे व्यापारी यांच्या मधोमध तिला जागा दिली. आठव्या पानावरची परीक्षणाची जागा रिकामी राहिली, तिथे गाद्यांच्या दुकानाची जाहिरात गेली.

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. पश्चातरावांची थोरली बहीण. पेपर हातात पडला की ती आधी पाचवं पान उघडायची, कोण कोण राहिलं ते बघायला.

“अरे, कशाने रे गेली?”

“कोण, ताई?”

“तीच रे, तुमची झुळूक! वाचून हातपाय गळाले माझे. मी म्हणाले होते की नाही, असलं अभद्र नाव ठेवू नये म्हणून? जाते, जाते करत होती, गेली बघ!”

“अगं ताई, कुठे गेली? तो अल्बम आहे!”

“हो रे, तोच बघत बसले होते मघापासून. काळी चौकट काय, फोटो काय. आणि तू लिहिलंयस किती छान! माझ्या वेळेलाही असंच लिही हो.”

पश्चातरावांनी धावत जाऊन दारातला पेपर उचलला, पाचवं पान उघडलं आणि ते जिथे उभे होते तिथेच खाली बसले.

बसल्या बसल्याच त्यांना चपला दिसल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर दारात उभे होते. हे गृहस्थ मुलीने झुळूकचं गाणं लावलं की वरून काठीने जमीन ठोकायचे. आज काठी हातातच होती, पण चेहरा पडलेला होता.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले. “काय आवाज होता हो! मी तर रोज ऐकायचो.”

“तुम्ही काठी ठोकायचात ना?”

“ताल धरायचो,” इंजिनियर म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

एवढ्यात आतून किंकाळी आली. मुलीच्या मोबाईलवर बातमी पोचली होती. पाठोपाठ दार धाडकन आपटलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. पश्चातराव दारावर जाऊन धडकले.

“अगं, ऐक! ती जिवंत आहे!”

“पेपरात आलंय!” आतून हुंदका.

“ते मीच लिहिलंय!”

“म्हणजे खरंच गेली!” आता तर मुलगी ओक्साबोक्शी रडायला लागली. “बावीस वर्षांत तुमचं एक तरी माणूस परत आलंय का?”

आठ दिवसांत ती पहिल्यांदा आपल्याशी थेट बोलली आणि तेही आपल्या कामाबद्दल एवढ्या विश्वासाने, हे लक्षात येऊन पश्चातराव एक क्षण सुखावले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बायकोने त्यांना बाजूला केलं. “तुम्ही ऑफिसात जा आणि हे निस्तरा. तुम्ही इथे जितकं बोलाल तितकी ती बिचारी जास्त मरेल.”

घरातून निघेपर्यंत आणखी एक घोटाळा उघडकीला आला. अल्बम आला की लोक काय म्हणतात ते वाचायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन बंद ठेवून झोपायची झुळूकची पद्धत होती. त्यामुळे खरंखोटं विचारायला तिला फोन करणाऱ्या प्रत्येकाला तो बंद लागत होता, आणि बंद फोन म्हणजे बातमी खरी, असं धरून जो तो पुढच्याला कळवत होता.

रस्त्यावर प्रत्येक दुकानात तिचंच गाणं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये पश्चातरावांचा न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून वस्तरा हातात धरून डोळे मिटून उभा होता. पहिलं गाणं लागलेलं, तो लांबलचक सूर चाललेला. गिऱ्हाईकही साबणासकट गंभीर होऊन बसलं होतं. “पूर्वी कळलीच नाही हो ही आपल्याला,” न्हावी म्हणाला. गेल्या महिन्यात यानेच, हिचं गाणं लावलं की हात हलतो आणि कान कापला जातो म्हणून रेडिओ बंद केला होता.

पण खरी कमाल समीक्षकांनी केली. ऑफिसात हवामानवाल्या बाई एकेकाचं मोठ्याने वाचून दाखवत होत्या. प्रतिस्पर्धी पेपरच्या ज्या समीक्षकाने गुरुवारी ‘रिकाम्या डब्यातले खडे’ म्हणून दीड तारा दिला होता, त्याने शुक्रवारी सकाळी नऊला पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘त्या रिक्ततेचा अर्थ आज उमगला.’ दुसरा एक जण म्हणत होता की अल्बममध्ये मृत्यूची चाहूल जागोजागी ऐकू येते, विशेषतः तिसऱ्या गाण्यात. (तिसरं गाणं सायकल पंक्चर झाल्याबद्दल होतं.) आपले स्वतःचे समीक्षकही घरून, बंद कानांनी, तिच्याशी असलेल्या जुन्या स्नेहाबद्दल लिहून मोकळे झाले होते.

“पश्चातराव,” संपादक म्हणाले. त्यांचा आवाज इतका शांत होता की क्रीडा पानवाला आपण होऊन टेबलाखाली गेला. “ती गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही, साहेब. मी कुठेही निधन शब्द वापरलेला नाही. बघा तुम्ही.”

संपादकांनी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. खरंच नव्हता. त्यांनी पुन्हा वाचला. “‘तिचा आवाज मनमिळाऊ होता.’ होता?”

“मी ऐकला तेव्हा होता,” पश्चातराव पुटपुटले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दीड वाजला होता, आणि ती आहे की गेली याची खात्री होईपर्यंत खुलासा कोणी टाकला नव्हता. संपादकांनी स्पीकर चालू केला.

“नमस्कार. मी झुळूक बोलतेय.”

हवामानवाल्या बाईंच्या हातातला कप निसटला.

“कुठून?” पश्चातरावांच्या तोंडून गेलं.

“अंथरुणातून. आत्ता उठले. फोन चालू केला तर अकराशे मेसेज. आधी आईला सांगितलं मी आहे म्हणून. मग म्हटलं, तुम्हालाही सांगावं.”

संपादकांनी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी ती उभं राहून मागितली, वाकून मागितली. फोनवरून दिसत नसताना हातही जोडले. ती मधेच म्हणाली, “ते लिहिलंय कोणी?”

खोलीतली सगळी बोटं एका दिशेला वळली. फोनला बोटं दिसत नाहीत, म्हणून पश्चातरावांना तोंड उघडावंच लागलं. “मी, बाई. मी निधनवार्ता बघतो.”

“तरीच!” ती खळखळून हसली. पहिल्यांदाच तो आवाज पश्चातरावांना अजिबात किटलीसारखा वाटला नाही. मग तिने विचारलं, “काका, चौथं गाणं तुम्ही खरंच ऐकलंत?”

“दोनदा.”

“गुरुवारी त्याबद्दल कोणी धड लिहिलं नव्हतं. एकाने तर लिहिलं, ही ब्रेडची जाहिरात आहे. त्यानेच आज सकाळी लिहिलंय की ते गाणं ऐकून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.”

“पण रात्री तर तुम्ही जिवंत होता.”

“तेच तर!” ती म्हणाली. “तुम्ही एकटेच आहात काका, ज्याने मी जिवंत असताना चांगलं लिहिलं. फक्त चौकट जरा जाड झाली.”

पश्चातरावांच्या मजकुराबद्दल ज्याच्यावर लिहिलं त्यानेच फोन करून बरं बोलावं, हे आजवर झालंच नव्हतं. होणार तरी कसं?

“आम्ही या क्षणी खुलासा टाकतो,” संपादक म्हणाले.

“चारपर्यंत थांबता येईल? अजून दोन समीक्षक राहिलेत.”

“नाही, नाही, बाई!”

“निदान माझं जेवण होईपर्यंत?”

संपादक ठाम राहिले. पण फोन ठेवण्याआधी पश्चातराव पुढे झाले. कान लाल झाले होते त्यांचे. “बाई, एक मागणं आहे. माझी मुलगी सकाळपासून आतून कडी लावून रडतेय. तुम्ही जिवंत आहात, हा माझा शब्द ती मानत नाहीये. आणि तिचंही बरोबर आहे, माझ्या शब्दाला तशी परंपरा नाही. तुम्ही तिला... नुसतं ‘आहे’ म्हणालात तरी चालेल.”

पुढचं सगळं त्यांना बायकोकडून कळलं. मुलीचा फोन वाजला. “मी झुळूक बोलतेय,” असं ऐकल्याबरोबर मुलगी “लाज वाटत नाही का, अशा वेळी थट्टा करायला?” असं ओरडली आणि तिने फोन कापला. फोन पुन्हा वाजला. या वेळी पलीकडून कोणी बोललं नाही. चौथ्या गाण्यातल्या दोन ओळी तेवढ्या आल्या, साथीशिवाय, झोपेतून नुकत्याच उठलेल्या घोगऱ्या आवाजात. आणि मग आतून जी आनंदाची किंकाळी उठली, तिच्याबरोबर वरून जमिनीवर काठी बसली. दोन वाजून गेले होते. खुलासा इंजिनियरांपर्यंतही पोचला होता.

संध्याकाळपर्यंत सगळं मूळपदावर आलं. पाच ताऱ्यांचे पुन्हा दीड झाले, ‘भावनेच्या भरात’ असं म्हणून. सलूनमधला रेडिओ बंद झाला. ताईने फोन करून, “मग ती गेलीच नाही तर इतकं चांगलं लिहायची गरज काय होती?” असं खडसावलं.

छापील खुलासा मात्र पश्चातरावांनाच लिहायचा होता, आणि बावीस वर्षांत कोणी जिवंत असल्याची बातमी त्यांनी कधी लिहिली नव्हती. दोन तास घाम गाळून त्यांनी पहिलं वाक्य पाडलं : ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की, सुप्रसिद्ध गायिका झुळूक या सुखरूप आहेत.’ संपादकांनी ते खोडलं. तरी खाली एक वाक्य नजरेतून सुटलंच : ‘त्यांच्या हयातीच्या वृत्ताला कुटुंबीयांनी जड अंतःकरणाने दुजोरा दिला.’ शनिवारी हा खुलासा छापून आला. तोही त्याच फोल्डरमधून गेला होता, त्यामुळे काळ्या चौकटीतच आला.

शनिवारी संध्याकाळी पश्चातराव घरी येताना ब्रेड घेऊन आले. कारण काही नव्हतं. आणायचा म्हणून आणला.

स्वयंपाकघरात मुलगी टेबलाशी बसली होती. समोर भिंतीवर शुक्रवारचं परीक्षण चिकटवलेलं. काळी चौकट तिने कात्रीने बारकाईने कापून काढली होती. चौकटीशिवाय ते खरंच परीक्षणासारखं दिसत होतं. तिने बापाच्या काखेतल्या पुडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बाबा,” ती म्हणाली. आईमार्फत नव्हे, सरळ. “क्लासला असताना तुम्ही थांब्यावर यायचात ना, तेव्हा खरंच ब्रेड संपलेला असायचा?”

“म्हणजे काय? संपायचाच.”

“चार-चार पुड्या बुरशी येऊन टाकल्यात मी,” बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, ती म्हणाली.

मुलीने खुर्ची सरकवून जागा केली. पश्चातराव बसले. तिने आपल्या इअरफोनचं एक टोक पुसलं आणि बाबांच्या कानात बसवलं, दुसरं स्वतःच्या. “आता आपण दोघं मिळून अख्खा अल्बम ऐकायचा. पहिल्यापासून. आणि मधे बोलायचं नाही. डोळे मिटा.”

पश्चातरावांनी डोळे मिटले. मन कसं तुडुंब भरून आलं होतं. या वेळी चुकायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं. एक सूर सोडायचा नाही. आणि थोड्याच वेळात तो आला, तोच तो वरचा, लांबलचक सूर, आधी बारीक, मग चढत चढत गेलेला. काय होता तो सूर! आठ दिवसांपूर्वी आपण याला नावं ठेवली? त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. न बोलण्याचं वचन त्यांना पाळता आलं नाही.

“वा!” ते गदगदून म्हणाले. “हा सूर! थेट काळजाला हात घालतो गं. असा गळा पुन्हा होणे नाही!”

पश्चातरावांनी डोळे उघडले. मुलीचं बोट मोबाईलवर तसंच अधांतरी थांबलेलं होतं. बायकोने शांतपणे हात पुढे करून गॅस बंद केला, आणि तो सूर हळूहळू खाली येत विझला.

“आई,” मुलगी म्हणाली, “त्यांना सांग, गाणं अजून लावायचंय. ती किटली होती.”